'टॅक' म्हणजे नक्की काय? इंग्रजीत एक शब्द, फ्रेंचमध्ये चार

पानदिवा

शिडाच्या जहाजांवरचा इंग्रजी मजकूर मराठीत आणताना 'टॅक' हा शब्द सारखा आडवा येतोय. पडताळ्यासाठी त्याच मजकुराचं फ्रेंच भाषांतर शेजारी ठेवलं, तर गोंधळ आणखी वाढला. वाक्यं साधारण अशी आहेत, मूळ शब्द तसाच ठेवला आहे:

१. मेनसेलचा (मुख्य शिडाचा) टॅक खाली ओढून बांधला. फ्रेंचमध्ये 'आम्यूर'.
२. जहाज स्टारबोर्ड टॅकवर होतं. फ्रेंचमध्ये 'त्रीबोर आम्यूर'.
३. कप्तानाने टॅक करायचा हुकूम दिला. फ्रेंचमध्ये 'व्हिरे द बोर'.
४. पाच मैलांचा एक लांब टॅक घेऊन किनाऱ्याजवळ आले. फ्रेंचमध्ये एकदा 'बोर', एकदा 'बोर्दे'.
५. बोलणं फिसकटतंय असं दिसताच त्याने टॅक बदलला. इथे फ्रेंच भाषांतरकाराने समुद्रावरचा शब्दच वापरलेला नाही.

शब्दकोशात 'टॅक'खाली चूक (बारीक खिळा), टाचणी, टाका, दिशा, धोरण असं सगळं एकाखाली एक दिलेलं आहे. या पाचांमागे एकच कल्पना आहे की पाच वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात? मराठीत एकच प्रतिशब्द चालेल का?

डोलकाठी

पहिल्या चारांमागे एकच वस्तू आहे: एक दोर. तो दोर डोळ्यांपुढे आला की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

चौकोनी शिडाचं जहाज घ्या. सगळ्यात खालचं मोठं शीड आडव्या परबाणाला, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या वाशाला, वरून टांगलेलं असतं. त्याची वरची कड परबाणाला बांधलेली, खालची कड मात्र मोकळी. तिला ना लाकूड, ना काठी. म्हणजे खालचे दोन कोपरे दोरांनीच धरायला हवेत. प्रत्येक कोपऱ्याला तीन दोर असतात. एक मागे जातो, तो शीट. एक पुढे जातो, तो टॅक. तिसरा वर परबाणाकडे जातो, शीड गुंडाळताना कोपरा उचलायला. (शीट म्हणजे शीड नव्हे, शीट हा दोर आहे. मराठीत हे दोन शब्द इतके जवळ येतात की टंकताना हटकून चूक होते. अनुवाद संपला की हे एकदा शोधून तपासाच.)

वारा थेट मागून असेल तर दोन्ही बाजूंचे शीट ताणलेले आणि दोन्ही टॅक सैल असतात. वारा समोरून तिरका येऊ लागला की शीड तिरकं फिरवावं लागतं. मग वाऱ्याच्या बाजूचा कोपरा पुढे आणि खाली खेचून जहाजाच्या अंगाशी घट्ट धरायचा, नाहीतर शिडाची ती कड फडफडते आणि जहाज वाऱ्याकडे चढत नाही. हे काम टॅकचं. पलीकडच्या बाजूचा कोपरा शीट मागे ओढून धरतो. म्हणजे कुठल्याही क्षणी वाऱ्याच्या बाजूचा टॅक आणि विरुद्ध बाजूचा शीट कामावर असतात, उरलेले दोन सैल.

पुढच्या डोलकाठीच्या खालच्या शिडाचा टॅक नाळेतून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकातून, दोन्ही अंगांना बाहेर काढलेल्या छोट्या दांड्यांवर यायचा. मधल्या मोठ्या शिडाचा टॅक जहाजाच्या कुशीला ठोकलेल्या लाकडातल्या भोकातून आत घेतला जायचा. फ्रेंच जहाजांवर या भोकाला 'दोग दाम्यूर' म्हणत.

वरच्या शिडांना टॅक नसतो. त्यांचे खालचे कोपरे त्यांच्या खालच्या परबाणाच्या टोकांपर्यंत शीटने ताणलेले असतात, तेवढं पुरतं. तुमच्या मजकुरात कुठे 'टॉपसेलचा टॅक' आला, तर ते शीड चौकोनी आहे की उभ्या बांधणीचं हे आधी बघा.

आता वाक्य २. जहाजाचा उजव्या बाजूचा टॅक ताणलेला आहे, याचा अर्थ वारा उजवीकडून येतोय. म्हणून 'स्टारबोर्ड टॅकवर'. दोराचं नाव जहाजाच्या अवस्थेला मिळालं. वाक्य ३: तो टॅक सोडून दुसऱ्या बाजूचा ताणायचा, ती क्रिया. वाक्य ४: एका टॅकवर राहून कापलेलं अंतर. दोर, अवस्था, क्रिया, अंतर, असा हा क्रम आहे.

खारावारा

डोलकाठी यांच्या प्रतिसादाला आजच्या होड्यांची जोड देतो.

त्रिकोणी शिडात हा मामला सुटसुटीत झाला, कारण वाऱ्याच्या बाजूचा कोपरा कायमचाच पुढचा असतो. जिबचा (पुढच्या त्रिकोणी शिडाचा) पुढचा खालचा कोपरा नाळेच्या टोकाला शॅकलने पक्का केलेला असतो. मेनसेलचा तोच कोपरा डोलकाठी आणि बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) जिथे जोडलेले असतात तिथे. दोर नाहीसा झाला, पण नाव मागे राहिलं आणि कोपऱ्याला चिकटलं. म्हणून आज शिडं शिवणाऱ्याला 'टॅक' म्हटलं की तो कोपऱ्यातल्या कडीचा आकार विचारतो. तीन कोपरे असे: वरचा हेड, पुढचा खालचा टॅक, मागचा खालचा क्ल्यू. फ्रेंचमध्ये प्रत्येक कोपऱ्याला तिथे लागणाऱ्या दोराचं नाव आहे: प्वँ द द्रीस, प्वँ दाम्यूर, प्वँ देकूत. ही पद्धत शिकायला सोपी आहे.

म्हणजे वाक्य १ मध्येही दोन शक्यता आहेत. जुनं चौकोनी शिडाचं जहाज असेल तर टॅक म्हणजे दोर, आजची यॉट असेल तर कोपरा. 'खाली ओढून बांधला' हे दोन्हीकडे बसतं, तेव्हा होडी कोणती ते बघूनच ठरवा.

जुनी व्यवस्था जशीच्या तशी बघायची असेल तर सममित स्पिनेकर, म्हणजे मागच्या वाऱ्यात पुढे फुगणारं मोठं शीड, बघा. दोन्ही खालचे कोपरे सारखे. ज्या बाजूला पोल आहे तो त्या वेळचा टॅक, तिथला दोर गाय. दुसरा कोपरा क्ल्यू, तिथला दोर शीट. जाइब केली, म्हणजे शेपूट वाऱ्यातून नेऊन वळलं, की पोल दुसरीकडे जातो आणि मगाचचा शीट आता गाय होतो. दोर बदलत नाही, काम बदललं की नाव बदलतं. फ्रेंचमध्येही तेच, गायला 'ब्रा' आणि शीटला 'एकूत'.

पानदिवा

हे फार उपयोगी. एक शंका: स्टारबोर्ड टॅकवर असताना शीड डाव्या बाजूला दिसणार ना? मग वाचकासाठी 'उजव्या बाजूने जाताना' असं लिहिलं तर?

खारावारा

नको. 'उजव्या बाजूने' म्हटलं की जहाज उजवीकडे चाललंय असं वाटतं, आणि स्टारबोर्ड टॅकवरच्या होडीचं वाऱ्याशी नातं बघितलं तर ती नेमकी उलट, वाऱ्याच्या डावीकडे जात असते. वारा उत्तरेचा धरा. स्टारबोर्ड टॅकवर वाऱ्याला जितकं जवळ जाता येईल तितकं जाणारी यॉट साधारण वायव्येला चाललेली असते, पोर्ट (डाव्या) टॅकवरची ईशान्येला.

शीड डावीकडे, हे बरोबर. बूम डावीकडे म्हणजे स्टारबोर्ड टॅक. वारा बरोबर मागून असला आणि बाजू ठरवणं अवघड झालं, तर मेनसेल कुठे आहे ते बघून त्याच्या उलट बाजू वाऱ्याची धरायची. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम १२ हेच सांगतो. गंमत म्हणजे त्या नियमात 'टॅक' हा शब्दच नाही. तिथे 'वारा कोणत्या बाजूवर आहे' असं सरळ म्हटलं आहे: दोन होड्यांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी असेल, तर डाव्या बाजूने वारा घेणारीने बाजूला व्हायचं. दोघींना एकाच बाजूने असेल, तर वाऱ्याकडची जी आहे तिने. आणि डाव्या वाऱ्यावरच्या होडीला आपल्या वाऱ्याकडे असलेली दुसरी होडी नक्की कोणत्या वाऱ्यावर आहे ते कळत नसेल, तर तिने आपणहून बाजूला व्हायचं.

मराठीसाठी माझी सूचना इथूनच येते: 'उजव्या वाऱ्यावर' आणि 'डाव्या वाऱ्यावर'. वाचकाला टॅक माहीत नसला तरी अर्थ पोचतो आणि नियमाचे शब्दही तेच आहेत.

बंदरकाठ

'उजव्या वाऱ्यावर' आवडलं. आता फ्रेंच बाजू, कारण पानदिवा यांचा खरा पेच तिथे आहे.

'टॅक' हा शब्द इंग्रजीत आला तोच उत्तर फ्रान्सच्या जुन्या बोलीतून. तिथे 'ताक' किंवा 'ताश' म्हणजे खिळा, अडकवण, बांधण. 'अटॅच' आणि फ्रेंच 'आताशे' त्याच कुळातले. पण फ्रेंच खलाशांनी हा शब्द शिडासाठी ठेवला नाही. त्यांनी दक्षिणेकडच्या प्रोव्हाँसच्या भाषेतला 'आम्यूर' घेतला. त्यात 'म्यूर' म्हणजे भिंत आहे, जहाजाची भिंत, त्याचं अंग. कोपरा जहाजाच्या अंगाशी आणून बांधणं म्हणजे 'आम्यूरे'.

म्हणजे इंग्रजाचं लक्ष बांधण्याकडे, फ्रेंचाचं ज्या भिंतीला बांधायचं तिच्याकडे. हा फरक पुढे सगळीकडे दिसतो. इंग्रजीत दोराचं नाव अवस्थेला, क्रियेला आणि अंतराला गेलं. फ्रेंचमध्ये दोराचं नाव अवस्थेपाशी थांबलं (त्रीबोर आम्यूर, बाबोर आम्यूर), आणि क्रिया व अंतर यांना जहाजाच्या कुशीचं नाव मिळालं: 'बोर'.

बोर म्हणजे कड, किनार, जहाजाची बाजू. व्हिरे द बोर म्हणजे बाजू फिरवणं. 'तिरे दे बोर' म्हणजे एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, असं वाऱ्याकडे चढत जाणं. एक बोर म्हणजे त्यातला एक टप्पा. शर्यतीच्या नियमांच्या फ्रेंच मजकुरात दहाव्या नियमाचं शीर्षक 'विरुद्ध बोरांवर' आहे आणि आत लगेच 'बाबोर आम्यूर होडीने त्रीबोर आम्यूर होडीपासून दूर राहावं' असं येतं. इंग्रजीत दोन्ही जागी टॅकच. तेव्हा तुमच्या फ्रेंच भाषांतरकाराने शब्द सैलपणे वापरलेले नाहीत, त्याच्या भाषेत ही खरंच वेगळी नावं आहेत.

आता 'बोर्दे'. हा देवनागरीत लिहिताना फार सांभाळा, कारण उच्चाराने एकच असलेले दोन शब्द आहेत.

नाम बोर्दे: मूळ अर्थ जहाजाच्या एका कुशीवरच्या तोफांची रांग, आणि त्या सगळ्या एकदम डागणं. इंग्रजीत ब्रॉडसाइड. त्यावरून शिव्यांची सरबत्ती म्हणजे 'शिव्यांची बोर्दे'. दुसरा अर्थ, खलाशांचा अर्धा गट: उजव्या कुशीचे त्रीबोर्दे आणि डाव्या कुशीचे बाबोर्दे आळीपाळीने पहारा देत. तिसरा अर्थ वाऱ्याकडे चढतानाचा टप्पा, तुमचं वाक्य ४. चौथा, किनाऱ्यावर उतरलेल्या खलाशांनी गुत्त्यागुत्त्यांतून हिंडणं: 'तिरे यून बोर्दे'. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पाचवा: एका दमात पडलेला भरपूर बर्फ म्हणजे 'बोर्दे द नेज'. २५ नोव्हेंबरच्या सेंट कॅथरीनच्या सणाच्या सुमारास पडणाऱ्या बर्फाला तिथे तिच्याच नावाची बोर्दे म्हणतात.

क्रियापद बोर्दे: शीट ओढून शीड आत घेणं. याचा टॅकशी काही संबंध नाही, उलट तो टॅकच्या समोरचा दोर. हेच क्रियापद घरात अंथरुणाच्या कडा गादीखाली खोचण्यासाठी वापरतात. कप्तान 'बोर्दे!' ओरडला असेल तर तो शीट ओढायला सांगतोय. तिथे 'तोफा डागा' लिहिलं तर प्रसंगच बदलून जाईल.

डोलकाठी

बंदरकाठ, नेमकं लिहिलंत. एक भर: जुन्या इंग्रजीतही टप्प्याला 'बोर्ड' म्हणत. छोटे छोटे टप्पे घेत जाणं म्हणजे 'शॉर्ट बोर्ड्स'. जहाज मागे सरकलं तर 'स्टर्न बोर्ड'. आणि टॅकचा दोर अंगाशी ओढून बांधायला 'बोर्ड द टॅक' म्हणत, म्हणजे फ्रेंच आम्यूरेचंच इंग्रजी रूप. एकोणिसाव्या शतकातल्या मजकुरात 'बोर्ड' दिसला की दर वेळी फळी किंवा जहाजावर चढणं समजू नका.

चारपानी

टॅक करणे म्हणजे नक्की काय करतात ते कुणी पायरीपायरीने सांगेल का? वाक्य ३ नंतर पानभर हुकूमच हुकूम असतील, अशी शंका आहे.

खारावारा

आधी छोटी होडी. वेग हवा, ही पहिली अट. वाऱ्याला फार चिकटून मंद झालेली असेल तर आधी नाळ थोडी खाली सोडून वेग घ्या.

सुकाणूवाला 'रेडी अबाउट' म्हणतो, फ्रेंचमध्ये 'पारे आ व्हिरे'. जिबवाला मोकळा शीट विंचवर दोन वेढे घेऊन तयार ठेवतो आणि 'रेडी' म्हणतो. मग 'ली-हो', फ्रेंचमध्ये 'आंव्वाये'. टिलर (सुकाणूचा दांडा) शिडाकडे, म्हणजे वाऱ्याच्या उलट बाजूला ढकलतात, सुरुवातीला हलक्या हाताने, मग जोर वाढवत. नाळ वाऱ्यातून पलीकडे जाते. जिब पुढच्या कडेपासून फडफडायला लागली की जुना शीट सोडायचा, नवा भराभर ओढायचा. नाळ साधारण ९० अंश फिरली की टिलर मध्यावर.

चुका ठरलेल्या. जिबचा शीट आधीच सोडला तर नाळ वाऱ्यातून ओढणारं काही उरत नाही आणि होडी मध्येच थांबते. फार उशिरा सोडला तर जिब उलटी फुगून होडीला पार आडवं फिरवते. टिलर एकदम कोपऱ्यात दाबला तर सुकाणूचं पातं ब्रेकसारखं पाणी अडवतं. मध्येच थांबलेल्या अवस्थेला इंग्रजीत 'इन आयर्न्स' म्हणतात. तिचा बेड्यांशी शब्दशः संबंध लावू नका. सुटका अशी: होडी मागे सरकू लागली की सुकाणूचं काम उलटं होतं, म्हणून ज्या बाजूला नाळ न्यायची त्याच बाजूला टिलर ढकला, आणि जिब विरुद्ध बाजूला हाताने धरून वाऱ्यात उलटी फुगू द्या. नाळ हलली की जिब सोडा आणि टिलर सरळ करा.

डोलकाठी

मोठ्या जहाजावर हे काम सगळ्या माणसांना लावतं, आणि इथेच दोर परत येतो.

'रेडी अबाउट', सगळे आपापल्या दोरांपाशी. 'हेल्म्स अ-ली', सुकाणू फिरलं, पुढची त्रिकोणी शिडं सैल, सगळ्यात मागचं शीड वाऱ्याकडे ओढलेलं, म्हणजे शेपूट ढकललं जाऊन नाळ वर येते. मग 'राइज टॅक्स अँड शीट्स', मोठ्या शिडाचे खालचे कोपरे उचलायचे, नाहीतर परबाणं फिरवताना ते मध्ये अडकतील. नाळ जवळजवळ वाऱ्यात आली की 'मेनसेल हॉल', मागची परबाणं एकदम पलीकडे. या क्षणी पुढची शिडं उलटी फुगलेली असतात आणि मागच्यांना वाऱ्यापासून झाकतात, म्हणून एवढी जड परबाणंही झरकन फिरतात. क्षण चुकला तर तीच परबाणं वाऱ्याविरुद्ध ओढावी लागतात. उलट्या पुढच्या शिडांनी नाळ पुरेशी पलीकडे ढकलली आणि मागची शिडं भरली की 'लेट गो अँड हॉल', पुढची परबाणं. शेवटी नव्या बाजूचे टॅक अंगाशी बांधायचे.

फ्रेंच हुकूम त्याच क्रमाने: 'पारे आ व्हिरे', 'आद्यो-व्हा', 'लेव्ह ले लोफ', 'देशार्ज देर्येर', 'शांज दव्हाँ'. 'आद्यो-व्हा' म्हणजे 'देवाच्या हवाली'. सुकाणू टाकलं की आता जहाज वळेल किंवा वळणार नाही, तोच हा क्षण.

न वळल्यास इंग्रजीत 'मिस्ड स्टेज', फ्रेंचमध्ये 'मांके आ व्हिरे'. समुद्र उसळलेला असेल तर लाटा नाळ परत ढकलतात, मंद वाऱ्यात वेगच नसतो. मग उलट दिशेने, शेपूट वाऱ्यातून नेऊन वळावं लागतं. इंग्रजीत 'वेअर', फ्रेंचमध्ये 'व्हिरे लोफ पूर लोफ'. हिशेब करा. चौकोनी शिडाचं जहाज वाऱ्याच्या सहा पॉइंटांपर्यंत, म्हणजे ६७.५ अंशांपर्यंतच जवळ जातं. टॅक करताना बारा पॉइंट, १३५ अंश फिरायचं. वेअर करताना वीस पॉइंट, २२५ अंश, आणि त्या वळणात वाऱ्याखाली घसरून कमावलेलं अंतर जातं. किनारा वाऱ्याखाली जवळ असेल तर वेअरला जागाच नसते. जुन्या वर्णनांत टॅक चुकला की सगळे जिवावर उदार का होतात, त्याचं कारण हे.

चारपानी

'लोफ' म्हणजे लफ ना? शिडाची पुढची कड?

बंदरकाठ

नाही, हा फसवा जोडशब्द आहे. दोन्ही एकाच मुळातले, पण आज इंग्रजी 'लफ' नाम म्हणून त्रिकोणी शिडाची पुढची कड आहे, आणि तिला फ्रेंचमध्ये 'गँदाँ' म्हणतात. फ्रेंच 'लोफ' म्हणजे वाऱ्याची बाजू, आणि चौकोनी शिडाचा तिकडचा कोपरा. म्हणून 'लेव्ह ले लोफ' म्हणजे कोपरे उचला. क्रियापद मात्र दोन्हीकडे जुळतं: 'लफ' आणि 'लोफे', नाळ वाऱ्याकडे नेणं. नागमोडी चढण्यासाठीचं 'लुव्वाये' याच लोफपासून. इंग्रजी 'अलूफ'ही याच घरातला: वाऱ्याच्या बाजूला राहून किनाऱ्यापासून दूर, त्यावरून अलिप्त.

याहून वाईट जोडी मिझन आणि मिझेन. इंग्रजी मिझन मागची डोलकाठी, फ्रेंच मिझेन पुढची. मागच्या डोलकाठीला फ्रेंच 'आर्तिमों' म्हणतात. दोन्ही भाषा ताडून अनुवाद करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावं असं हे आहे.

त्रिज्या

वाक्य ४ साठी आकडे. लांबी मोजल्याशिवाय त्या 'टॅक'चं महत्त्व वाचकाला कळत नाही. मुक्काम बरोबर वाऱ्याच्या तोंडाशी १० सागरी मैल असेल, तर ४५ अंशांवर चढणाऱ्या यॉटला एकूण १४.१ मैल कापावे लागतात. टप्पे दोन घ्या किंवा वीस, बेरीज तीच, फक्त प्रत्येक वळणाला वेग जातो म्हणून वीस महाग. ६७.५ अंशांवरच्या चौकोनी शिडाला त्याच १० मैलांसाठी २६.१ मैल, आणि तेही वाऱ्याने बाजूला घसरणं न धरता.

वारा थोडा फिरला की दोन बाजूंचे टप्पे सारखे राहत नाहीत. एक मुक्कामाकडे जास्त तोंड करतो. फ्रेंच त्याला 'बोर राप्रोशाँ' म्हणतात, जवळ नेणारा बोर. शक्यतो तो आधी घ्यायचा, कारण वारा पुन्हा फिरला तर कमावलेलं अंतर पदरात पडलेलं असतं.

डोलकाठी

आपल्या बाजूचं एक सांगायला हवं, नाहीतर अनुवादक कोकणातल्या गलबतालाही 'टॅक' करायला लावतील. अरबी समुद्रातल्या तिरक्या परबाणाच्या शिडांत परबाण डोलकाठीच्या एका बाजूला, वाऱ्याखाली असतं. नाळ वाऱ्यातून नेली तर शीड डोलकाठीवर दाबलं जातं. म्हणून ही जहाजं सहसा शेपूट वाऱ्याकडे करून वळतात आणि त्याच वेळी परबाणाची खालची बाजू डोलकाठीजवळ आणून शिडासकट पलीकडे फिरवतात. इंग्रजीत हे वेअर, टॅक नव्हे. चौकोनी शिडांवरचे खरे टॅक आपल्याकडे बघायचे तर नौदलाची 'तरंगिणी' आहे: गोवा शिपयार्डने बांधलेली, १९९७ मध्ये नौदलात दाखल झालेली तीन डोलकाठ्यांची बार्क (पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं असलेलं जहाज).

ठिणगी

शब्दकोशातल्या बाकीच्या अर्थांचं थोडक्यात. चूक आणि टाचणी त्याच 'खिळा'तून. शिंप्याचं टॅकिंग म्हणजे आपली कच्ची शिलाई, तेही तात्पुरतं बांधणंच. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये 'आधी टॅक मार, मग फुल वेल्डिंग' म्हणतात तो टॅकही तोच: पत्रे ताणाने सरकू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर मारलेले छोटे टाके. घोड्याच्या सामानाचा टॅक मात्र 'टॅकल'चा तुकडा आहे. जहाजावरचं हार्डटॅक हे दगडासारखं कडक बिस्किट, तिथे टॅक म्हणजे खाणं. त्याला दोराशी जोडू नका. मराठी 'टाका' आपल्या घरचा, ध्वनी जुळतो एवढंच. फ्रेंच 'द्यू ताक ओ ताक', म्हणजे सणसणीत प्रत्युत्तर, तलवारबाजीतून आलंय.

बंदरकाठ

वाक्य ५ राहिलं. भाषांतरकाराने समुद्र टाळला ते योग्यच केलं. इंग्रजीत टॅक बदलणं म्हणजे ध्येय तेच ठेवून वाट बदलणं, वाऱ्याकडे चढणारं जहाज करतं तसं. फ्रेंचमध्ये व्हिरे द बोर माणसाबद्दल वापरलं तर तो पक्ष किंवा मत बदलतो, कारण 'बोर' म्हणजे बाजू. 'एकाच बोरचे' म्हणजे एका मताचे. लुव्वाये लाक्षणिक अर्थाने टोलवाटोलवी करणं. तिन्ही शब्द एकाच नागमोडी वाटेवरचे, पण माणसाबद्दल बोलताना तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. मराठीत पहिल्यासाठी 'पवित्रा बदलला', दुसऱ्यासाठी 'टोपी फिरवली'.

पानदिवा

सगळं वापरून वाक्यं अशी केली आहेत. जहाज चौकोनी शिडांचं आहे.

१. मोठ्या शिडाचा वाऱ्याकडचा कोपरा पुढे खेचणारा दोर, टॅक, अंगाशी ओढून बांधला. (पहिल्यांदा समजावून, पुढे नुसता टॅक.)
२. जहाज उजव्या वाऱ्यावर होतं.
३. कप्तानाने वारा बदलायचा हुकूम दिला.
४. पाच मैलांचा एक लांब तिरका टप्पा घेऊन किनाऱ्याजवळ आले.
५. बोलणं फिसकटतंय असं दिसताच त्याने पवित्रा बदलला.

खारावारा

१, २, ४, ५ पक्के. ३ बदला. 'वारा बदलायचा' ने दोन घोटाळे होतात. एक, वाचकाला वारा फिरला असं वाटेल. दोन, उजव्या वाऱ्यावरून डाव्यावर जायचे मार्ग दोन आहेत, नाळ वाऱ्यातून नेऊन किंवा शेपूट नेऊन. दोन्हींनंतर जहाज दुसऱ्या टॅकवर येतं, पण टॅक करणं म्हणजे फक्त पहिला मार्ग. फ्रेंचमध्येही नुसतं 'व्हिरे द बोर' दोन्हींना चालतं, नेमकं सांगायचं तर पुढे 'व्हाँ दव्हाँ' म्हणजे 'वारा पुढून' जोडतात. तुमच्या प्रसंगात पुढे 'मेनसेल हॉल' येतंय का ते बघा. येत असेल तर 'नाळ वाऱ्यातून फिरवायचा हुकूम दिला' लिहा.

पानदिवा

येतंय, चौथ्या ओळीत. आणि त्याच्या आधी 'राइज टॅक्स अँड शीट्स' आहे, जे मी 'शिडं आणि टॅक वर करा' असं लिहून ठेवलं होतं. दुरुस्त करते: 'टॅक आणि शीट सोडा, कोपरे उचला.'